उंबर आणि केंबरे

उंबर फोडून केंबरे उडवू नयेत, असे जुनी माणसे सांगत. मिटलेले प्रकरण उगाच उकरू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण हे पहिल्यांदा म्हणणाऱ्याने फळ स्वतः उकलून पाहिले असणार. पिकत आलेले उंबर बोटांनी दुभंगले की आतून चिलटांहून बारीक किडे भुर्रकन उठतात, काही आतच वळवळत राहतात. तीच केंबरे. बहुतेकांना ती फळाला लागलेली कीड वाटते आणि फळ फेकून दिले जाते. खरी गोष्ट अशी की त्यांतल्या एका जातीवाचून उंबराला बी धरत नाही, आणि उंबरावाचून त्या जातीची एकही पिढी निपजत नाही.

वनस्पती आणि प्राणी एकमेकांची उत्क्रांती कशी घडवतात हे तपासायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र ते ज्या सुरात सांगितले जाते तो सूर मला मान्य नाही. निसर्गातले सहजीवन, परस्परांचा आधार, देवाणघेवाण असे शब्द वापरून उंबर-केंबरांची गोष्ट गोड केली जाते. फळ नीट फोडले तर आत सापडते ती दोन स्वार्थांची कोंडी. दोघांपैकी कोणालाही सहज सुटता येत नाही, म्हणून ती कोट्यवधी वर्षे टिकली आहे.

शब्दाचा अर्थ आधी

प्राणी वनस्पतींना घडवतात आणि वनस्पती प्राण्यांना, हे विधान इतके सैल आहे की ते खोटे ठरवताच येत नाही. बोरीला काटे आहेत, शेळीचे ओठ काट्यांतून पाला वेचण्याइतके चपळ आहेत. म्हणून बोर आणि शेळी यांनी एकमेकांना घडवले असे म्हणता येईल का? नाही. काटे दुसऱ्याच कोणा प्राण्यापायी आले असतील, ओठ दुसऱ्याच कोणा झुडपापायी. सहउत्क्रांती म्हणायची तर दुहेरी साखळी दाखवता आली पाहिजे: एकातल्या बदलामुळे दुसरा बदलला आणि त्या बदलाने पहिल्याला पुन्हा बदलायला लावले.

या विचाराला आजचे रूप आले 1964 साली. पॉल एर्लिख आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरे आणि त्यांच्या अळ्यांची खाद्यझाडे यांचा ताळा मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. एखाद्या वनस्पतीत नवे विष तयार होते, बहुतेक कीटक तिच्यापासून दूर होतात, ती फोफावते आणि तिच्या अनेक जाती फुटतात. मग एखाद्या कीटकाच्या वंशात ते विष पचवण्याची क्षमता येते. त्याला मोकळे कुरण मिळते आणि त्याच्याही जाती फुटतात. आपल्या माळावरची रुई हे याचे चालतेबोलते उदाहरण. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे आहेत, शिवाय तो चीक तोंडाला चिकटून बसतो. रुईवर वाढणाऱ्या नारिंगी-काळ्या फुलपाखराची अळी पान खाण्याआधी त्याची शीर चावून तोडते. चीक तिथेच गळून जातो आणि पुढचे पान निर्धोक होते. गिळलेले विष ती अंगात साठवते, आणि पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत.

पण 1980 साली डॅनियल जँझेन यांनी एका छोट्या निबंधात सगळ्यांचे कान उपटले. जिथे तिथे दोन जीव एकमेकांना शोभून दिसले की लोक सहउत्क्रांती म्हणू लागले होते. शोभून दिसणे म्हणजे पुरावा नव्हे. डार्विनच्या प्रसिद्ध भाकिताचेच घ्या. मादागास्करच्या एका ऑर्किडला जवळजवळ फूटभर लांबीची मधनळी असते. 1862 साली डार्विनने लिहिले की तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. त्याच्या मृत्यूनंतर, 1903 साली, अशा पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. गोष्ट विलक्षण आहे. तरीही दुसरा तर्क उरतोच. फुलांवर दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून लांब राहण्यासाठी पतंगाची सोंड आधीच लांबली असेल आणि ऑर्किडने मागाहून तिच्याशी जुळवून घेतले असेल. तसे असेल तर साखळी एकेरी झाली.

फायकस वंशात, म्हणजे वड, पिंपळ, उंबर, पायर, अंजीर यांच्या घराण्यात, दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच फळात सापडतात. म्हणून शास्त्रज्ञ इथे पुन्हा पुन्हा येतात.

फळ म्हणजे उलटी फुलदाणी

उंबराचे फूल पाहिले म्हणजे भाग्य उजळते, असे म्हणतात. ते कोणाला दिसत नाही कारण आपण ज्याला फळ म्हणतो तोच फुलांचा गुच्छ आहे, आतल्या बाजूला वळलेला. सूर्यफुलाचे ताट कडेने वर उचलत उचलत वर एक बारीक भोक ठेवून मिटून टाकावे, तशी ही रचना. मराठी वनस्पतिशास्त्रात तिला कुंभासनी पुष्पविन्यास म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. कुंभाच्या आतल्या भिंतीला शेकडो, उंबरासारख्या मोठ्या फळात तर हजारोंनी, फुले लगडलेली असतात. तोंडाशी एकावर एक बसलेल्या खवल्यांचे झाकण असते. आत हवा खेळत नाही, वारा पराग नेऊ शकत नाही, मधमाशी शिरू शकत नाही. अशी बंद तिजोरी करणाऱ्या झाडाला परागवाहक हवाच, आणि तो त्या भोकातून शिरू शकणाराच हवा.

मुंग्या आणि मधमाश्या ज्या गणात मोडतात त्याच गणातल्या अगाओनिडी कुलातले कीटक हे काम करतात. लांबी एक-दोन मिलिमीटर. फायकसच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि बहुतेकींचा आपापला कीटक ठरलेला. उंबराचा सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, वडाचा युप्रिस्टिना मासोनी, पिंपळाचा प्लॅटिस्कापा क्वाड्रॅटिसेप्स. सातारच्या एका रस्त्यावर वड आणि पिंपळ शेजारी उभे असले तरी वडाचे केंबर सहसा पिंपळात शिरत नाही. फळातली मादीफुले तयार झाली की झाड विशिष्ट वास सोडते आणि तो वास नेमक्या जातीलाच ओढतो.

पुढचे सगळे नाट्य त्या एका फळात घडते. अंगावर पराग घेऊन आलेली मादी खवल्यांच्या फटीतून आत घुसते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख आणि मिशांचे तुकडे बाहेरच गळून पडतात. परतीचा रस्ता संपलेला असतो. आत ती फुलांवर पराग लावते आणि काही फुलांच्या कुक्षिवृंतातून, म्हणजे अंडाशयावरच्या दांडीतून, आपली अंडनळी खाली घालून बीजांडाजवळ एकेक अंडे ठेवते. ज्या फुलात अंडे गेले तिथे बी न होता गाठ होते आणि अळी त्या गाठीवर पोसते. ज्यात गेले नाही तिथे बी होते. मादी एक-दोन दिवसांत मरते. काही आठवड्यांनी नर आधी बाहेर येतात. पंख नाहीत, डोळे जेमतेम. ते अजून गाठीत असलेल्या माद्यांशी समागम करतात, मग एकत्र येऊन फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि बहुतेक तिथेच मरतात. पिंपळाच्या बाबतीत याकोब गॅलिल यांनी 1970 च्या दशकात एक सुंदर गोष्ट दाखवली: बंद फळात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो नरांना सोसतो पण माद्या सुस्त पडून राहतात. बोगदा पडला, बाहेरची हवा आत आली, की त्या जाग्या होतात. तोवर पुंकेसरही पक्व झालेले असतात. माद्या पराग घेतात, बोगद्यातून उडतात, आणि त्याच सुमारास फळ रंग धरू लागते.

हिशेब कुठे जुळत नाही

आता स्वार्थ तपासू. झाडाला दोन गोष्टी हव्यात: बिया, आणि पराग वाहून नेणाऱ्या माद्या. कीटकाला एकच हवी: आपली पिल्ले. प्रत्येक फूल एकतर बी होणार नाहीतर केंबर. मादीने सगळ्या फुलांत अंडी घातली तर तिचा फायदा जास्त, झाडाचा वंश मात्र खुंटला. मग ती सगळ्या फुलांत का घालत नाही? या एका प्रश्नावर गेली पन्नासएक वर्षे काम चालू आहे.

सुरुवातीचे उत्तर मापाचे होते. एकाच फळात काही फुलांची दांडी आखूड, काहींची लांब असते. आखूड दांडीची अंडाशये पोकळीजवळ असतात, लांब दांडीची भिंतीलगत. मादीची सुई, म्हणजे अंडनळी, आखूड दांडीत पुरते, लांब दांडीत पुरत नाही. म्हणून भिंतीलगतच्या फुलांत बिया. साधे, पटणारे. पण मोजमापे झाली तेव्हा कित्येक जातींत सुई बहुतेक दांड्यांपेक्षा लांब निघाली. तिला पोचता येत होते, तरी ती भिंतीलगत अंडी कमी घालत होती.

2008 साली ऑस्ट्रेलियातल्या फायकस रुबिजिनोसावर झालेल्या अभ्यासाने यात तिसऱ्याला ओढले. केंबरांतले सगळेच परागवाहक नसतात. कितीतरी जाती फळाबाहेर बसून लांबलचक अंडनळी भिंतीतून आत खुपसतात आणि आतल्या गाठींत आपली अंडी घालतात. त्यांच्या अळ्या मूळ रहिवाशाला संपवतात. उंबरावर बसणाऱ्या अपोक्रिप्टा वंशातल्या केंबराची नळी तर केसाइतकी बारीक असून टोकाला जस्ताने कठीण झालेली असते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले. टणक कच्चे फळ ती गिरमिटासारखी भोसकते. ही नळी बाहेरून येते, म्हणून भिंतीलगतच्या गाठींना धोका सर्वांत जास्त आणि पोकळीजवळच्या गाठींना सर्वांत कमी. ऑस्ट्रेलियातल्या मोजणीत नेमके हेच आढळले. म्हणजे भिंतीलगतच्या फुलांत अंडी घालणाऱ्या माद्यांची पिल्ले मारली जातात. पिढ्यान्पिढ्या तसे झाले की तिकडे न जाणारी मादीच सरस ठरते, आणि त्या फुलांत बिया राहतात.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या परजीवींना आपण या दोघांच्या मधले चोर समजतो, त्यांच्या धाकाने झाडाच्या बिया वाचतात. दोघांचा करार तिसऱ्याच्या दहशतीवर उभा आहे. जोडी हा शब्द इथे अपुरा पडतो. मुंग्याही यात आल्या. उंबराच्या खोडावर चढणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, बाहेर बसलेल्या केंबरांना पकडतात. परजीवी मारले गेले तर परागवाहकाचा फायदा. पण ओंबील भेदभाव करत नाहीत, परागवाहकही सापडला तर खातात. फायदा आणि तोटा यांचा ताळेबंद झाडागणिक, हंगामागणिक बदलत राहतो.

फसवणूक आणि शिक्षा

दुसरा प्रश्न परागाचा. आत शिरून अंडी घालायची, पण पराग आणायची तसदी घ्यायची नाही, असे एखाद्या मादीने केले तर?

तसे घडलेले आहे. आफ्रिकेतल्या फायकस सिकोमोरस या झाडात सेराटोसोलेन गॅलिली नावाचा कीटक परागवाहकासारखाच आत शिरतो, अंडी घालतो, पण परागण करत नाही. त्याचे जवळचे भाऊबंद परागवाहकच आहेत. हा त्यांच्यातून फुटलेला फितूर. गॅलिल यांनी आयुष्य ज्या झाडावर घालवले त्या झाडातल्या ठगाला त्यांचेच नाव मिळाले, हा शास्त्रज्ञांचा विनोद म्हणायचा की सन्मान, कोण जाणे.

मग सगळेच फितूर का झाले नाहीत? इथे कीटकांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. काही जातींत पराग मादीच्या अंगाला आपसूक चिकटतो आणि आपसूक फुलांवर पडतो. काही जातींत मादीच्या छातीवर परागासाठी दोन खिसे असतात. ती पायांनी पराग भरते आणि नव्या फळात पायांनीच काढून कुक्षीवर ठेवते. या दुसऱ्या प्रकारात श्रम आहेत, म्हणून चुकवेगिरीला वाव आहे. पनामातल्या संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या झाडांच्या फळांत मुद्दाम परागविरहित माद्या सोडल्या. 2010 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: खिसे भरून पराग आणणाऱ्या जातींच्या झाडांवर अशी फळे बऱ्याच वेळा गळून पडली, किंवा त्यांतून पिल्ले फार कमी निघाली. आपसूक परागण असलेल्या झाडांनी काहीच केले नाही. जिथे फसवणूक शक्य, तिथेच शिक्षा. आणि ज्या झाडांची शिक्षा सौम्य होती, त्यांच्या केंबरांत पराग न आणणाऱ्या माद्या निसर्गतःच जास्त सापडल्या.

जँझेन यांनी मागितलेला पुरावा इथे हाती लागतो. कीटकाच्या वागण्यातला फरक झाडाच्या वागण्यात उमटलेला आहे, आणि झाडाच्या वागण्यातला कीटकांच्या प्रामाणिकपणात. आणखी एक खूण फुलांत आहे. जिथे पराग आपसूक चिकटतो तिथे झाडाला भरपूर नरफुले काढावी लागतात, उधळपट्टी करावी लागते. जिथे मादी खिसे भरते तिथे नरफुले थोडीच पुरतात, आणि झाडाने ती खरोखर कमी केलेली आहेत. कीटकाची सवय बदलली तसा झाडाचा खर्च बदलला.

मुलगे किती, मुली किती

एक भानगड वरवर पाहता केवळ कीटकांच्या घरातली आहे. केंबरांत माद्या नेहमी नरांपेक्षा जास्त निपजतात. या गणात फलन न झालेल्या अंड्यातून नर आणि फलन झालेल्यातून मादी होते, त्यामुळे आईला मुलगा-मुलगी ठरवता येते. 1967 साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी याचे गणित मांडले. फळात एकटीच मादी शिरली असेल तर तिचे मुलगे एकमेकांशीच झगडणार. मग मुलगे हवेत कशाला? सगळ्या मुलींना पुरतील एवढे बस. दोन-चार माद्या शिरल्या असतील तर आपला मुलगा दुसरीच्या मुलींपर्यंत पोचू शकतो, म्हणून मुलगे वाढवणे फायद्याचे. पनामातल्या केंबरांच्या मोजणीत कल तसाच दिसला.

याचा झाडाशी संबंध असा की पराग फक्त माद्या वाहतात. भावाभावांच्या स्पर्धेने ठरलेले हे प्रमाण झाडाच्या पथ्यावर पडते. फळाचे तोंड अरुंद ठेवून थोड्याच माद्यांना आत घेणारे झाड नकळत पुढच्या पिढीतल्या परागवाहकांची टक्केवारी वाढवून घेते. तोंड अरुंद होण्यामागे हेच एक कारण असेल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण परिणाम तोच आहे.

मादीझाडाचा सापळा

वड, पिंपळ, उंबर यांच्या एकाच फळात बिया आणि केंबरे दोन्ही होतात. खरवत आणि काळा उंबर यांच्यात मात्र झाडे वेगळी. एका झाडाच्या फळांत सगळ्या दांड्या आखूड. तिथे केंबरे आणि पराग तयार होतात. दुसऱ्या झाडाच्या फळांत सगळ्या दांड्या लांब. तिथे फक्त बिया. मादी चुकून या दुसऱ्या झाडाच्या फळात शिरली तर तिची सुई कुठेच पोचत नाही. ती परागण करते आणि एकही अंडे न घालता मरते.

सहजीवनाच्या गोड गोष्टीला इथे सरळ तडा जातो. या मादीच्या दृष्टीने तो शुद्ध सापळा आहे. मग सापळा ओळखणाऱ्या माद्या का निपजल्या नाहीत? दोन्ही झाडांच्या फळांचा वास इतका सारखा असतो की ओळखणे अवघड, आणि ही नक्कल झाडाच्या फायद्याची असल्याने निवड ती टिकवून ठेवते. शिवाय अंजिरासारख्या जातीत दोन्ही झाडांचे हंगाम पुढेमागे आहेत. माद्या बाहेर पडतात त्या काळात बहुतांशी बियांचीच फळे तयार असतात. निवडायला समोर दुसरे काही नसेल तर निवडखोर मादीलाही पिल्ले मिळत नाहीत. आंधळेपणाची किंमत आणि चोखंदळपणाची किंमत सारखीच झाली की चोखंदळपणा वाढत नाही.

किती जुने, किती घट्ट

जनुकांच्या तुलनेवरून हा व्यवहार सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला असावा, म्हणजे डायनोसॉर अजून होते तेव्हा. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेले सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीचे केंबरांचे जीवाश्म आजच्या केंबरांसारखेच आहेत, छातीवरच्या परागाच्या खिशांसकट.

पण एका झाडाला एकच कीटक हा पाठ्यपुस्तकी नियम आता बराच सैल झाला आहे. पनामातल्या जनुकीय तपासणीत, एक वाटणारी परागवाहक जात अनेक झाडांत प्रत्यक्षात दोन निघाली. मधूनमधून कीटकांनी झाड बदलल्याच्याही खुणा आहेत. दोन्ही वंशावळी शेजारी ठेवल्या तर त्या साधारण समांतर जातात, पण अनेक जागी फांद्या एकमेकींना छेदतात. करार दीर्घ आहे; त्यातले भागीदार अधूनमधून बदलले आहेत.

आणि पक्ष्यांचे काय? फायकसची फळे खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या जाती 2001 साली मोजल्या गेल्या तेव्हा त्या 1274 भरल्या. सह्याद्रीत धनेश, हरियल, तांबट, कुटुरगा, शेकरू, माकडे, वटवाघळे ही सगळी मंडळी वड-उंबराच्या पंक्तीला येतात. एका झाडावरची फळे जवळजवळ एकदम येतात, पण शेजारच्या झाडाची वेळ वेगळी असते. रानात कुठे ना कुठे एखादा फायकस पिकलेला असतोच. ही वेळांची विखुरणी मुळात केंबरांसाठी आहे. बाहेर पडलेल्या मादीला एक-दोन दिवसांत दुसरे तयार झाड हवे, म्हणून सगळी झाडे एकाच महिन्यात फळली तर चालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी इतर फळे संपलेली असताना धनेशाला वड सापडतो तो या चिलटाएवढ्या कीटकाच्या अल्पायुष्यामुळे. पण धनेश आणि वड यांच्यात केंबरासारखी घट्ट दुहेरी साखळी दाखवता येत नाही. धनेश इतर कितीतरी फळे खातो, वडाच्या बिया कितीतरी जण पसरवतात. एकेकाचा दाब इतका विखुरलेला की तो एकाच जोडीच्या नावावर मांडता येत नाही. पाखरांना मानवणारी तांबडी फळे आणि वटवाघळांना मानवणारी हिरवट, वासाची फळे असे ढोबळ गट मात्र घराण्यात दिसतात.

इतक्या अल्पायुषी परागवाहकाची धाव किती असावी? नामिबियाच्या वाळवंटात नदीकाठी एकेकटी उभी असलेली सिकोमोरसची झाडे तपासली, तेव्हा पराग सरासरी 90 किलोमीटरांच्या आसपास, कधी 160 किलोमीटरांपर्यंत गेलेला आढळला. केंबरे स्वतः फारशी उडत नाहीत. वर जातात आणि वाऱ्यावर स्वार होतात.

ही धावही कधी अपुरी पडते. 1998 च्या सुरुवातीला एल निनोमुळे बोर्निओतल्या लांबिर टेकड्यांवर कडक दुष्काळ पडला. तिथल्या नर-मादी झाडे वेगळी असणाऱ्या फायकस जातींनी फळे धरणे थांबवले. झाडे तगली, एक-दोन दिवसांच्या आयुष्याच्या केंबरांना मात्र तेवढा खंड पुरेसा होता, आणि त्यांतल्या अनेक जाती त्या रानातून नाहीशा झाल्या. पाऊस परतल्यावर झाडांनी पुन्हा फळे काढली. आत शिरायला महिनोन्महिने कोणी आले नाही.

माणसाने हाच खंड दोन वेगवेगळ्या रीतींनी हाताळला. तुर्कस्तानातल्या इझमिरच्या अंजिराची रोपे एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात नेऊन लावली गेली. झाडे वाढली, फळे आली आणि कच्चीच गळून गेली. बागाईतदारांना फसवले गेल्यासारखे वाटले. रानटी अंजिराच्या फांद्या बागेत टांगण्याची भूमध्य समुद्राकाठची चाल प्राचीन ग्रीक पंडित थिओफ्रास्टसच्या काळापासून लिहून ठेवलेली होती, पण ती अडाण्यांची समजूत म्हणून हसण्यावारी नेली जात असे. अखेर 1899 साली कीटकच आणून सोडले आणि फळे टिकू लागली.

पुरंदरने दुसरी वाट धरली. सासवड-दिव्याच्या माळावर खट्टा आणि मीठा बहार धरणारे ‘पूना’ अंजीर परागाशिवायच पिकते. फोडून पाहिले तर त्यातून काही उडत नाही. आत बियांसारखे जे दाताखाली येते ती रिकामी टरफले आहेत. केंबरांची जागा इथे शेतकऱ्याच्या कात्रीने घेतली आहे, आणि झाडाचा वंश छाट कलमांतून, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पुढे जातो.